काकांचे चेक: घरच्या घरी चेक छापणारं सॉफ्टवेअर निवडताना

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. सकाळी साडेदहाच्या सुमारास काकूंचा फोन आला. "तू जरा येऊन जातोस का? काका नाश्ता झाल्यापासून टेबलाशी बसलेत. आणि आता माझ्याशीही बोलत नाहीयेत."

मी गेलो तेव्हा टेबलावर चेकबुक उघडं होतं आणि शेजारी वाया गेलेले चार चेक. चारही एकाच नावाचे, टाउनशिपच्या टॅक्स कलेक्टरच्या. न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला चार हप्त्यांत भरतात, १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट आणि १ नोव्हेंबरला. म्हणजे चार दिवस उरले होते. पहिल्या चेकवर रकमेचा शेवटचा आकडा चौकटीबाहेर गेला होता. दुसऱ्यावर अक्षरी रकमेत खाडाखोड. तिसऱ्यावर पेन सटकून नावावरून आडवी रेघ ओढली गेली होती. चौथा जवळजवळ साधला होता, पण सही करताना हात उडाला.

काका माझ्या नात्यातले नाहीत. आम्ही एडिसनला राहायला आलो त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली, आणि तेव्हापासून आमच्या घरचं कुठलंही कार्य त्यांच्याशिवाय झालेलं नाही. वय ७६, निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर, चाळीस वर्षांहून जास्त काळ अमेरिकेत. ड्रॉइंग बोर्डवर पेन्सिलीने काम करत आलेला माणूस. त्यांचं इंग्रजी अक्षर मी पाहिलेलं आहे, छापल्यासारखं. तीनेक वर्षांपूर्वी त्यांना इसेन्शियल ट्रेमरचं निदान झालं. या कंपाचं वैशिष्ट्य असं, की हात मांडीवर ठेवला तर शांत असतो. कप उचलला, चमचा धरला, पेन टेकवलं की थरथर सुरू होते. म्हणजे लिहायला बसलं की नेमका त्याच वेळी हात साथ सोडतो.

काका म्हणाले, "टाइप करता येतं मला अजून. प्रिंटर आहे. लोक घरी चेक छापतात म्हणे. तू सॉफ्टवेअरचंच काम करतोस ना? मला एक चांगलं शोधून दे."

मी दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर तपासतो, चुका काढतो. त्यामुळे हे काम आवडीने घेतलं. पण त्या दिवशी पहिला चेक मी माझ्या हाताने लिहिला, काकांनी सही केली, आणि टाउनशिपच्या ऑफिसात मी तो नेऊन दिला.

घरी चेक छापतात, म्हणजे काय

हे ऐकून काकांचे पुण्यातले धाकटे भाऊ व्हिडिओ कॉलवर एकदम म्हणाले, "दादा, चेक घरी छापायचा? तो गुन्हा नाही का?" भारतात वाढलेल्या कोणालाही हाच प्रश्न पडेल. तिथे चेकचं पान बँकेकडूनच येतं. सीटीएस-२०१० या मानकाप्रमाणे त्यात वॉटरमार्क असतो, फोटोकॉपी काढली तर उमटणारा 'व्हॉइड' शब्द असतो, अतिनील प्रकाशातच दिसणारं बँकेचं चिन्ह असतं. पुण्यामुंबईत दुकानांमध्ये 'चेक प्रिंटिंग सॉफ्टवेअर' म्हणून जे वापरतात, ते बँकेने दिलेल्या त्या पानावर फक्त नाव, तारीख आणि रक्कम उमटवतं.

अमेरिकेत चेकचं पान बँकेनेच छापलं पाहिजे असा दंडक नाही. लोक वर्षानुवर्षं बाहेरच्या छापखान्यांकडून चेकबुकं मागवत आले आहेत. मिनेसोटातली डिलक्स ही कंपनी १९१५ सालापासून हाच धंदा करत मोठी झाली. आणि चेकचा कोरा कागद विकत घेऊन सगळंच्या सगळं, अगदी बँकेच्या क्रमांकासकट, स्वतःच्या प्रिंटरवर छापायलाही कायद्याची आडकाठी नाही. भावाला हे पटायला वेळ लागला. मला मात्र त्याचा प्रश्न महत्त्वाचा वाटला, कारण पुढचा सगळा निर्णय त्या एका मुद्द्यावर फिरला: पान कोणी छापायचं?

आधी यादी

सॉफ्टवेअर बघण्याआधी मी काकांची नोंदवही मागितली. चेकबुकाबरोबर येणारी ती लांबट वही त्यांनी एक दिवस न चुकता भरलेली आहे. मागच्या बारा महिन्यांत ९१ चेक गेले होते. आम्ही दोघांनी प्रत्येकापुढे खूण केली: हा चेक खरंच चेकच असायला हवा का?

वीज, गॅस, पाणी, फोन, गाडीचा विमा हे सगळं बँकेच्या बिल-पे सोयीतून जाऊ शकत होतं. तिथे पैसे घेणाऱ्याचं नाव एकदा भरलं की पुढे नुसता आकडा टाकायचा. समोरच्याकडे इलेक्ट्रॉनिक पैसे घ्यायची सोय नसेल तर बँक स्वतःच कागदी चेक छापून टपालाने पाठवते. हा मुद्दा मी मुद्दाम ठळक सांगतो, कारण घरी चेक छापू पाहणाऱ्या पुष्कळ लोकांचं काम इथेच भागतं आणि त्यांना सॉफ्टवेअर लागतच नाही.

उरले ३४. त्यात टॅक्सचे चार होते, कारण काकांना बिलाच्या तुकड्यासोबतच चेक पाठवायचा असतो. बर्फ काढणारा मुलगा, महिन्यातून दोनदा घर साफ करायला येणारी बाई, गवत कापणारा, प्लंबर. देवळाची देणगी, मंडळाची वर्गणी. आणि लग्नं, मुंजी, पदवीदान यांचे आहेराचे. महिन्याला सरासरी तीन. एवढ्यासाठी दरमहा पैसे घेणारी सेवा घ्यायची नाही, हे यादीनेच ठरवून टाकलं.

खालची ओळ

अमेरिकन चेकच्या तळाशी विचित्र अक्षरांत एक ओळ असते. भारतातल्या चेकवरही तीच अक्षरं असतात. या अक्षरांचं नाव ई-१३बी. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये बँक ऑफ अमेरिकासाठी चेक मोजणाऱ्या यंत्राचं काम चाललं होतं, त्यातून चुंबकीय शाईने छापायची ही पद्धत निघाली. दहा आकडे आणि चार खुणा, एकूण १४ चिन्हं. प्रत्येक चिन्हाला बरोबर एक अष्टमांश इंच जागा. आणि चेकच्या तळाचा ५/८ इंचाचा पट्टा या ओळीसाठी राखीव. तिथे दुसरं काही छापायचं नाही.

ओळीत मुख्य तीन गोष्टी: बँकेचा नऊ आकडी राउटिंग क्रमांक, खात्याचा क्रमांक, चेकचा क्रमांक. राउटिंग क्रमांकात चूक पकडायची सोय आतच बसवलेली आहे, आणि ती मला फार आवडते. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या बँकेचा जगजाहीर क्रमांक घ्या, ०२१००००२१. पहिल्या आकड्याला ३ ने गुणा, दुसऱ्याला ७ ने, तिसऱ्याला १ ने, आणि पुन्हा ३, ७, १ असं शेवटपर्यंत. १४ अधिक १ अधिक १४ अधिक १, बेरीज ३०. बेरीज शून्यावर संपली की क्रमांक जुळला. एखादा आकडा चुकला तर ती शून्यावर संपतच नाही. शेजारचे दोन आकडे उलटे पडले तरीही बहुतेक वेळा चूक उघडी पडते.

यावरून मला पहिली परीक्षा सुचली. मी चेक छापणारी चार सॉफ्टवेअर चाचणीसाठी उतरवून घेतली आणि प्रत्येकात राउटिंग क्रमांक जाणूनबुजून चुकीचा भरला. दोघांनी लगेच अडवलं. एकाने पिवळी सूचना दाखवून पुढे जाऊ दिलं. एकाने काहीही न बोलता चुकीचा क्रमांक सुबक अक्षरांत छापून दिला. ते मी त्याच मिनिटाला काढून टाकलं. बेरीज-गुणाकाराच्या दोन ओळी ज्याने लिहिल्या नाहीत, त्याच्या हाती काकांचं खातं द्यायचा प्रश्नच नव्हता.

खाते क्रमांकाला मात्र अशी सर्वांना माहीत असलेली तपासणी नसते. तो चुकला तर सॉफ्टवेअरला कळणार नाही. तिथे जुना चेक शेजारी ठेवून एकेक आकडा बोटाने दाखवत वाचायचा, आणि दुसऱ्या माणसाने ऐकायचा. खुणा आणि मधल्या मोकळ्या जागा बँकेगणिक वेगळ्या असतात, त्याही जुन्या चेकवरून जशाच्या तशा उचलायच्या.

प्लंबरचा फोन

उरलेल्या तीनपैकी एक काकांना फार आवडलं होतं. पडद्यावर हुबेहूब चेक दिसायचा, मोठ्या अक्षरांत. रक्कम आकड्यात टाकली की अक्षरी रक्कम आपोआप, आणि उरलेल्या जागेत ताऱ्यांची रांग, म्हणजे कोणी मागून शब्द घुसडू शकणार नाही. अक्षरी रकमेचं हे महत्त्व काकांना पक्कं ठाऊक होतं: आकडा आणि अक्षर जुळलं नाही तर अक्षरी रक्कम धरतात. अमेरिकेच्या युनिफॉर्म कमर्शियल कोडमध्ये हा नियम आहे आणि आपल्याकडच्या १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १८ मध्येही.

कोऱ्या चेककागदाची एक थप्पी आणली. हा कागद साध्या कागदापेक्षा जाड, २४ पौंडी असतो. त्यावर रसायन लागलं तर डाग उठतो आणि फोटोकॉपीत 'व्हॉइड' उमटतं. काकांचा प्रिंटर लेझर. पहिला चेक छापला, प्लंबरच्या नावाचा. दिसायला देखणा. काकांनी सही केली, आणि मला वाटलं, झालं काम.

तिसऱ्या दिवशी प्लंबरचा फोन. तो सभ्य माणूस आहे, फार वर्षांचा ओळखीचा. म्हणाला, फोनवरून चेकचा फोटो काढून जमा करायला गेलो तर बँकेचं ॲप तीन वेळा नाकारतंय, तुम्ही दुसरा द्याल का? काकांनी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. ज्या माणसाचा चेक उभ्या आयुष्यात कधी परत आला नाही, त्याला कोणीतरी दारात उभं करून विचारावं, तसं त्यांना वाटलं असणार. काकूंनी मला नंतर सांगितलं की ते त्या रात्री जेवले नाहीत.

मी तो चेक परत आणला आणि पट्टी लावून खालची ओळ मोजली. ३२ चिन्हांची ओळ चार इंच भरायला हवी होती. भरत होती तीन इंच आणि सात अष्टमांश. प्रिंट करताना कुठेतरी 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला होता आणि सगळं पान ९७ टक्क्यांवर आक्रसलं होतं. तीन टक्के म्हणजे डोळ्याला काहीच नाही. पण ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत अख्ख्या एका चिन्हाएवढी जागा सरकली होती.

चूक माझ्या नजरेतून सुटली, हे मी काकांना सांगितलं. पण सॉफ्टवेअरकडेही माझा आक्षेप आहेच. चेक छापण्यासाठीच बनवलेल्या वस्तूने प्रिंटरला शंभर टक्के आकारातच छापायला लावलं पाहिजे, किंवा निदान पहिल्या छपाईआधी एक मोजपट्टी छापून "हे बरोबर चार इंच आहे का?" असं विचारलं पाहिजे. माणूस चुकणारच, हे धरूनच साधन बनवावं लागतं.

दुसरी गोष्ट शाईची. साध्या लेझर टोनरमध्ये चेकसाठी लागणारी चुंबकीय शाई नसते. त्यासाठी वेगळं कार्ट्रिज घ्यावं लागतं. आजकाल बहुतेक चेक प्रतिमेवरून वाचले जातात हे खरं. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानं जमिनीवर राहिली आणि देशभर चेकच्या थैल्या अडकून पडल्या. त्या अनुभवानंतर 'चेक २१' कायदा झाला, २८ ऑक्टोबर २००४ पासून लागू झाला, आणि मूळ कागदाऐवजी त्याची प्रतिमा पाठवणं सर्वत्र रूढ झालं. म्हणून पुष्कळ लोक साध्या टोनरवर चेक छापतात आणि ते वटतातही. पण अमेरिकन चेकच्या मानकात चुंबकीय शाई आहे ती आहेच. एखाद्या यंत्राने चेक बाजूला काढला तर तो माणसाच्या हाती जातो, उशीर होतो.

मग मी काकांच्या बँकेचा खातेदारांशी असलेला करार उघडला. बारीक अक्षरांची पुष्कळ पानं. त्यात वाक्य सापडलं: बँकेने मान्य केलेल्या छापखान्याव्यतिरिक्त दुसरीकडून घेतलेले किंवा स्वतः बनवलेले चेक मानकाला धरून नसतील आणि त्यामुळे नुकसान झालं, तर जबाबदारी खातेदाराची. असं कलम पुष्कळ बँकांच्या करारात असतं. सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत मात्र त्याचा उल्लेख मी कुठे पाहिला नाही.

मी तो कागद काकांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला, आणि इंजिनिअर बोलावा तसं बोलले: "म्हणजे आपल्याला जे जमत नाही ते यंत्राकडून करून घ्यायचं, आणि जे छापखान्याला आपल्यापेक्षा चांगलं जमतं ते त्याच्याकडेच राहू द्यायचं."

माझं उत्तर तेच होतं, फक्त ते त्यांच्या तोंडून आलं. काकांचा त्रास खालच्या ओळीचा कधी नव्हताच. त्रास होता नाव, तारीख आणि रक्कम लिहिण्याचा. कोऱ्या कागदाचा रस्ता घेऊन आम्ही नसलेला प्रश्न अंगावर घेत होतो. ज्यांची पाच-सहा खाती आहेत, किंवा महिन्याला शेकड्याने चेक जातात, त्यांना कोरा कागद, चुंबकीय टोनर आणि तसलं सॉफ्टवेअर परवडतं. महिन्याला तीन चेक देणाऱ्या घराला नाही.

छापील पानं, मोफत सॉफ्टवेअर

बँकेच्या मान्यताप्राप्त छापखान्याकडून प्रिंटरसाठीचे चेक मागवले: लेटर आकाराच्या एका पानावर तीन चेक, खालची ओळ आणि चेक क्रमांक आधीच छापलेले. आता सॉफ्टवेअरने फक्त जागा भरायच्या होत्या, पुण्यातल्या दुकानात भरतात तशा.

हे काम करणारी दोन नावं मला माहीत होती. एक क्विकन, जुनं आणि लोकप्रिय, पण आता वर्गणीवर चालणारं. दुसरं नूकॅश, ते मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे आणि ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. काकांचा लॅपटॉप विंडोज १० चा होता, ज्याला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून मोफत आधार देणं थांबवलं. लॅपटॉप बदलावा लागणार हे दिसतच होतं. पुढचं यंत्र कुठलंही आलं तरी नोंदी सोबत जाव्यात, खाते क्रमांक आणि हिशेब स्वतःच्या घरातल्या यंत्रावर राहावेत, कोणा वेबसाइटवर नाही, या दोन गोष्टींमुळे मी नूकॅशकडे झुकलो.

त्याची अडचण मी लपवत नाही. ते दुहेरी नोंदीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे. नुसता चेक छापायचा म्हटलं तरी आधी खात्यात नोंद करावी लागते, खर्चाचं खातं निवडावं लागतं, मग त्या ओळीवर राहून फाइल मेनूतून चेक छापायचा. घाईच्या माणसाला ते जड जाईल. पण काकांनी चाळीस वर्षं हाताने नोंदवही ठेवलेली. पडद्यावरची खातेवही त्यांना ओळखीची वाटली. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी ३४ चेकच्या सगळ्या मंडळींची नावं भरून ठेवली. दोन अक्षरं टाइप केली की पूर्ण नाव येतं, मागची रक्कमही येते. टाइप करताना हात थरथरला तर एखादं अक्षर दोनदा पडतं, ते खोडता येतं. कागदावर खोडता येत नव्हतं.

जुळवणीला एक रविवार गेला. नूकॅशमध्ये चेकचे काही तयार साचे आहेत आणि चेक पानावर वर, मध्ये की खाली आहे ते निवडता येतं. आम्ही आधी साध्या कागदावर छापलं. तो कागद खऱ्या चेकच्या पानावर ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या काचेला टेकवून उजेडात बघितलं. तारीख रेघेच्या वर तरंगत होती, रकमेचा आकडा चौकटीच्या उजव्या कडेला भिडत होता. काका खुर्चीत बसून सांगत होते, "वन सिक्स्टीन्थ खाली. आता थोडं डावीकडे." त्या दोन तासांत मला त्यांच्यात तो ड्रॉइंग बोर्डवरचा माणूस पुन्हा दिसला. पाचव्या कागदाला सगळं जागेवर बसलं. तो साचा त्यांच्या नावाने जतन केला.

अनुभवाने कळलेल्या दोन गोष्टी. तीनपैकी एकच चेक हवा असेल तर पान फाडून उरलेला तुकडा प्रिंटरमध्ये घालायचा मोह होतो; तो अडकतो. पान अख्खंच ठेवायचं, पहिल्या खेपेला 'वर', पुढच्या वेळी तेच पान घालून 'मध्ये', मग 'खाली'. पण वरचा चेक लगेच द्यायचा तर तो फाडावाच लागतो, म्हणून काकांना मी तीनही एका बैठकीत छापायची सवय लावली आहे: महिन्याच्या पहिल्या शनिवारी, तीन चेक, एक पान. दुसरी गोष्ट क्रमांकाची. कागदावर क्रमांक आधीच आहे आणि सॉफ्टवेअर आपला क्रमांक वेगळा मोजतं. एक पान जरी वाया गेलं तरी दोन्हींची फारकत होते. म्हणून छापून झाल्यावर काकू कागदावरचा क्रमांक मोठ्याने वाचतात आणि काका पडद्यावरचा बघतात. वाया गेलेला चेक नोंदीत 'रद्द' म्हणून जातो आणि कागद श्रेडरमध्ये.

सही

मी बघितलेल्या सॉफ्टवेअरांपैकी दोनांत सही स्कॅन करून चेकवर छापायची सोय होती. काकांना ती हवीशी वाटणं साहजिक होतं. मी ठाम नको म्हटलं. लॅपटॉपवर सहीचं चित्र आणि शेजारी छापील चेकची थप्पी, हे दोन्ही एका घरात असलं की चोराला आणखी कशाचीच गरज उरत नाही.

चोरीची भीती कल्पनेतली नाही. अमेरिकेच्या अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाने २७ फेब्रुवारी २०२३ ला बँकांना खास इशारा दिला, की टपालातून चेक चोरून, रसायनाने शाई धुऊन, नाव-रक्कम बदलून वटवण्याचे प्रकार देशभर प्रचंड वाढले आहेत. लेझरचा टोनर कागदावर वितळून बसतो, त्यामुळे तो साध्या बॉलपेनाच्या किंवा इंकजेटच्या शाईसारखा सहज धुतला जात नाही. छापील चेकचा हा एक खरा फायदा. सहीसाठी मी काकांना काळं जेल पेन आणून दिलं. त्याची शाई कागदात मुरते. पाकिटं आता रस्त्यावरच्या निळ्या पेटीत टाकत नाही, पोस्टात आत नेऊन देतो. आणि बँकेचं स्टेटमेंट आलं की त्याच आठवड्यात बघायचं. खोट्या चेकची तक्रार वर्षभरानंतर करताच येत नाही, आणि कित्येक बँकांनी करारात ती मुदत त्याहून कमी करून ठेवलेली असते.

तरी सहीचा हात थरथरत होताच. त्यावर दोन उपाय झाले. काका बँकेत जाऊन नव्या सहीचा नमुना देऊन आले; पूर्ण नावाऐवजी आद्याक्षर आणि आडनाव, आता येते तशी. बँकेतल्या बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि घाई केली नाही, हे काकांनी मला दोनदा सांगितलं. दुसरा उपाय म्हणजे क्रेडिट कार्डाएवढी काळी प्लास्टिकची पट्टी, मधे सहीएवढी खाच. कमी दिसणाऱ्या लोकांसाठी ती मिळते. चेकवर ठेवली की पेन खाचेबाहेर जात नाही, मनगटाला टेकायला कड मिळते. सगळ्या खटाटोपात सर्वांत स्वस्त वस्तू ती, आणि काकांना सर्वांत जास्त उपयोग तिचाच झाला.

खातं दोघांच्या नावे आहे, त्यामुळे काकूही सही करू शकतात. त्यांनी ते पहिल्याच दिवशी सुचवलं होतं. काका म्हणाले, "हात अगदीच राहिला की कर." मी त्यात पडलो नाही.

मेमोची जागा

अमेरिकन चेकवर डावीकडे खाली एक रेघ असते, कशासाठी दिला ते लिहायला. काका आहेराच्या चेकवर तिथे मराठीत एक शब्द लिहीत आले आहेत: आशीर्वाद. इथे वाढलेल्या पुतण्या-भाच्यांना तो वाचता येवो न येवो. बँकेला त्या रेघेशी देणंघेणं नसतं.

म्हणून माझी शेवटची परीक्षा या एका शब्दाची होती. वेबवर चालणाऱ्या एका सेवेने त्याच्या जागी आठ रिकाम्या चौकटी छापल्या. विंडोजवरच्या दुसऱ्या एकाने अक्षरं आणली, पण रफार 'वा'वर चढायच्या ऐवजी सुटा 'र्' होऊन शेजारी उभा राहिला. नूकॅशने शब्द नीट छापला, रफार त्याच्या जागी.

जानेवारीत काकांच्या भाचीच्या मुलीचं लग्न होतं, ह्यूस्टनला. मी शनिवारी गेलो तेव्हा पान प्रिंटरमध्ये घातलेलं होतं. नाव, तारीख, १०१ डॉलर, अक्षरी रक्कम, पुढे तारे. मेमोची रेघ कोरी होती.

"ते मी लिहिणार आहे," काका म्हणाले. त्यांनी ती काळी पट्टी मेमोच्या रेघेवर ठेवली, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, आणि लिहायला सुरुवात केली. काकू चहा ठेवायला गेल्या होत्या त्या येऊन मागे उभ्या राहिल्या. 'आ'चा काना वाकडा आला. 'शी'ची वेलांटी खाचेच्या कडेला घासली. 'द' पूर्ण करून त्यांनी पेन उचललं, मग पुन्हा टेकवलं आणि 'वा'वर रफार दिला.

चेक त्यांनी पाकिटात स्वतः घातला. मी पोस्टात नेऊन दिला.